विजेच्या गाडीची दावण

एखादें यंत्र मागें पडलें म्हणजे तें मुळांतच हिणकस होतें, असें समजण्याची आपणांस संवय झालेली आहे. जें टिकलें तें चांगलें आणि जें गेलें तें टाकाऊ, इतका सोपा हिशेब मांडला कीं इतिहास वाचण्याचे श्रम वांचतात. विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीविषयीं आमचीही समजूत पुष्कळ वर्षें अशीच होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं अशा गाड्या निघाल्या होत्या, त्या मंद होत्या, त्यांच्या बॅटऱ्या जड होत्या, पुढें पेट्रोलची गाडी सुधारली आणि त्या नाहींशा झाल्या, एवढेंच आम्ही वर्गांत सांगत आलों. परंतु गेल्या वर्षीं आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत एक प्रसंग घडला, आणि त्यामुळें या जुन्या प्रकरणाकडे आम्हांस पुन्हां वळावें लागलें.

शेजारच्या जिन्यांतील एका तरुण गृहस्थानें विजेची मोटार घेतली. ती उभी करण्याची जागा त्याच्या नांवची होती. पण त्या जागेपर्यंत वीज आलेली नव्हती. स्वतःच्या मीटरापासून, स्वतःच्या खर्चानें तार ओढून भिंतीवर चार्जर बसविण्याची परवानगी त्यानें मागितली. सभेंत शंका निघाल्या. आग लागली तर? उद्यां आणखी दहा जणांनीं हेंच मागितलें तर? इमारतीच्या तारांस तो भार झेपेल काय? हे प्रश्न अयोग्य होते असें नाहीं. परंतु त्यांचीं उत्तरें एखाद्या जाणत्या माणसाकडून मिळविण्याऐवजीं सभेनें तो विषय पुढें ढकलला, आणि ढकलण्याच्या बाजूनें जे हात वर झाले त्यांत एक हात आमचाही होता. पुढें कित्येक महिने तो गृहस्थ पहांटे उठून दूरच्या सार्वजनिक चार्जिंगच्या ठिकाणीं गाडी नेई आणि तास-दीड तास तेथें बसून राही. शेवटीं कंटाळून त्यानें गाडी विकली. गाडींत दोष कांहींच नव्हता. रात्रीं तिला बांधावयास दावण मिळाली नाहीं, इतकेंच.

ही गोष्ट मनांत घोळत असतांना आम्ही जुना इतिहास पुन्हां चाळला. आणि जी दावण आमच्या संस्थेनें नाकारली तिच्याचभोंवतीं तो सगळा इतिहास फिरत असलेला आम्हांस दिसला.

विजेच्या गाडीचा जन्म पेट्रोलच्या गाडीच्या अगोदरचा आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाच्या पत्र्यांची, पुनःपुन्हां भारतां येणारी बॅटरी तयार केली. १८८१ सालीं कामीय फोर यानें त्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची धारणशक्ति वाढविली, आणि त्याच वर्षीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. कार्ल बेन्झ याच्या पेट्रोलच्या गाडीचें पेटंट त्यानंतरचें, म्हणजे १८८६ सालचें. २९ एप्रिल १८९९ रोजीं बेल्जियमच्या कामीय झेनात्झी यानें ताशीं शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, तीही विजेच्याच गाडींत. १९०० च्या सुमारास अमेरिकेंत एका वर्षांत ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. तेव्हां त्या काळच्या एखाद्या सुज्ञ माणसास भविष्य विचारलें असतें, तर त्यानें पेट्रोलचें नांव सर्वांत शेवटीं घेतलें असतें.

गाडीचे गुण उघड होते. हातानें दांडा फिरवून इंजिन चालू करावें लागत नसे. गिअरची खटपट नसे. धूर, वास, खडखडाट कांहीं नसे. पण हीं सुखें ज्या बॅटरीवर अवलंबून होतीं, ती बॅटरी एखाद्या चांगल्या घोड्याइतकीच नाजूक होती. तिच्यांत गंधकाचें आम्ल असे. त्यांतील पाणी उडून जाई तसतसें शुद्ध पाणी घालावें लागे. आम्लाचें विशिष्टगुरुत्व मोजून ती किती भरली आहे तें ताडावें लागे. ती रिकामी करून तशीच चार दिवस ठेविली, तर पत्र्यांवर सल्फेटाचे खडे धरत आणि तिचें आयुष्य घटे. भारतांना तिच्यांतून हायड्रोजन निघे, म्हणून गाडीखान्यांत हवा खेळती ठेवावी लागे. शिवाय बॅटरीस हवा तो एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह. आणि बहुतेक शहरांत तर घरोघरीं हळूहळू उलटसुलट वाहणारा, ज्यास आपण एसी म्हणतों, तो प्रवाह येऊं लागला होता. पीटर कूपर हेविट यानें १९०२ सालीं पाऱ्याच्या वाफेचा दिष्टकारी शोधून काढला तेव्हां ही अडचण दूर झाली. जांभळट प्रकाशानें उजळणारा तो काचेचा फुगा पुढें अनेक श्रीमंतांच्या गाडीखान्यांत दिसूं लागला.

आतां प्रश्न असा कीं, घोड्याची दाणावैरण व खरारा मोतद्दार करी. या गाडीचा मोतद्दार कोण? या प्रश्नास त्या पिढीनें निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि त्या उत्तरांप्रमाणेंच गाडीचें दैव ठरत गेलें.

पहिलें उत्तर भाड्याच्या गाड्यांचें. १८९७ सालीं न्यूयॉर्कमध्यें विजेच्या भाडोत्री गाड्या धांवूं लागल्या. गाडी ठाण्यावर आली कीं तिच्या पोटांतील जड बॅटरी यंत्रानें ओढून काढीत व भरलेली दुसरी बसवीत; गाडी कांहीं मिनिटांत पुन्हां रस्त्यावर. कल्पना उत्तम होती. परंतु ज्या कंपनीच्या हातीं हा धंदा पुढें गेला तिनें ठाणीं व माणसें नीट तयार होण्यापूर्वींच अनेक शहरांत पसारा वाढविला. बॅटऱ्यांची हेळसांड झाली, भागभांडवलाच्या सट्ट्याचा बोभाटा झाला, आणि १९०७ सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें. लंडनमध्येंही वॉल्टर बर्सी याच्या विजेच्या गाड्या १८९७ च्या ऑगस्टांत सुरू झाल्या, आणि टायर व बॅटऱ्या यांच्या खर्चाखालीं दबून १८९९ सालीं बंद पडल्या.

दुसरें उत्तर धनिकांचें. त्यांस स्वतःचा गाडीखाना होता, वीज होती आणि नोकरही होता. डेट्रॉइट येथें १९०७ पासून निघूं लागलेल्या डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाड्या याच वर्गानें घेतल्या. एकदां भरली कीं सुमारें ऐंशीं मैल चालणारी ही गाडी ताशीं वीस-पंचवीस मैलांहून फारशी वेगानें जात नसे. पण शहरांतील भेटीगाठींस तेवढें पुरे होतें. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा ही १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरीत असे. ज्याच्या कारखान्यांतून पेट्रोलच्या लाखों गाड्या बाहेर पडत होत्या, त्याच्याच घरीं विजेची गाडी सुखानें नांदत होती, कारण तिथें तिची दावण पक्की होती.

तिसरें उत्तर मध्यम स्थितींतील शहरवासीयांचें. अमेरिकेंतील मोठ्या शहरांत केवळ विजेच्या गाड्यांकरितां पागा निघाल्या. मालकानें ठराविक मासिक रक्कम द्यावी. पागेवाल्यानें रात्रीं गाडी भारावी, धुवावी, बॅटरींत पाणी घालावें आणि सकाळीं ती दारांत आणून उभी करावी. ही व्यवस्था सोयीची, परंतु महाग होती.

चौथें उत्तर आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथील वीजकंपनीनें १९१० सालीं असा क्रम सुरू केला कीं, व्यापाऱ्यानें मालवाहू गाडी बॅटरीवांचून विकत घ्यावी, बॅटरी कंपनीची. ती भारणें, दुरुस्त करणें, बदलून देणें हें सर्व कंपनीनें पाहावें. व्यापाऱ्यानें मासिक आकार आणि गाडी जितके मैल चालेल त्या मानानें पैसे द्यावे. ज्यास विजेचें ज्ञान त्याच्याकडे विजेची चिंता, आणि ज्यास माल पोंचवावयाचा त्याच्याकडे फक्त मालाची! ही योजना १९२४ पर्यंत चालली आणि तिच्या आधारानें गाड्यांनीं सुमारें साठ लक्ष मैलांचा प्रवास केला. बॅटरी तीच, शिशाची, जड तेवढीच. न्यूयॉर्कमध्यें जी व्यवस्था पोकळ ठरली तीच येथें चौदा वर्षें टिकली, कारण येथें तिच्यामागें जबाबदारी घेणारी संस्था होती.

मग ही गाडी लोपली कां? पाठ्यपुस्तकांतील कारणें खोटीं नाहींत. फोर्डची मॉडेल टी १९०८ सालीं निघाली आणि वर्षानुवर्षें स्वस्त होत गेली. १९१२ सालीं विजेची हलकी गाडी १,७५० डॉलरांस पडे, तर पेट्रोलची ६५० डॉलरांस मिळे. त्याच वर्षीं चार्ल्स केटरिंग यानें तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकच्या गाडींत आला आणि हातानें दांडा फिरविण्याचा त्रास संपला. म्हणजे विजेच्या गाडीचा एक गुण पेट्रोलच्या गाडीनें लहानशी बॅटरी पोटांत घेऊन पळविला. परंतु या कारणांच्या तळाशीं आणखी एक कारण आहे. पेट्रोल डब्यांत भरून कोणत्याही दुकानांत ठेवतां येत असे. गांव कितीही आडवळणी असो, तिथें एक डबा पोंचला कीं गाडीची सोय झाली. वीज डब्यांत भरतां येत नाहीं; तिला तारच लागते. आणि १९३० नंतरच्या कांहीं वर्षांतही अमेरिकेंतील दहा शेतवाड्यांपैकीं जेमतेम एकीस वीज होती. पेट्रोलची दावण सुटी आणि उचलून नेण्याजोगी होती. विजेची दावण जमिनींत पुरलेली होती. ती पुरण्यास जेथें कोणी पुढें झालें नाहीं, तेथें विजेची गाडी गेलीच नाहीं.

याची उलट बाजूनें साक्ष इंग्लंडांत मिळते. तेथील विजेच्या दूधगाड्या विसाव्या शतकांत कित्येक दशकें पहांटे दारोदार फिरत राहिल्या. वेग अल्प, पल्ला लहान, बॅटरी शिशाचीच. पण रोजचा मार्ग ठरलेला आणि फेरी संपल्यावर परत यावयाची जागा ठरलेली. पेट्रोलच्या ऐन भरभराटींत त्या तगल्या, त्या यंत्राच्या सामर्थ्यावर नव्हे, तर परतीच्या ठिकाणाच्या बळावर.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. लिथियमच्या बॅटरीनें पूर्वीच्या बहुतेक तक्रारी मिटविल्या आहेत. तिला पाणी घालावें लागत नाहीं, आम्ल मोजावें लागत नाहीं, दिष्टकारी गाडीच्याच पोटांत असतो. मोतद्दाराचें काम यंत्रानेंच अंगावर घेतलें आहे. उरली आहे ती फक्त दावण. आणि ती किती लहान लागते तें पाहा. लहान मोटार एका युनिटांत साधारण सहा ते आठ किलोमीटर चालते. दिवसाकांठीं चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबास रोज सहा-सात युनिटें पुरतात; तीं पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर अडीच तासांच्या आंतबाहेर भरतात. रात्र तर आठ तासांची असते. मोठ्या वेगाचे रस्त्यावरील चार्जर लांबच्या प्रवासास अवश्य हवेत. पण रोजच्या संसारास ते म्हणजे रोज खानावळींत जेवण्यासारखे आहेत. खर्च अधिक, वेळ अधिक, आणि घरच्या अन्नाचें समाधान नाहीं.

आमच्या सभेंतील शंकांचीं उत्तरेंही या हिशेबांतच आहेत. धोका असतो तो खिडकींतून लोंबकळत सोडलेल्या कामचलाऊ वायरीस. योग्य जाडीची स्वतंत्र तार, नीट अर्थिंग आणि गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच असला म्हणजे तो धोका पुष्कळच आटोक्यांत येतो. परवानगी नाकारल्यानें धोका टळत नाहीं, तो खिडकींतून येतो. दहा जणांनीं मागितली तर दहाही गाड्या एकाच घटकेस भाराव्या लागत नाहींत; रात्रभरांत पाळीपाळीनें भारतां येतात, आणि तरीही भार वाढला तर मंजूर भार वाढवून घेण्याचा मार्ग आहेच. केंद्र सरकारनें २०१९ सालीं आदर्श इमारत-उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींत वाहनतळाच्या वीस टक्के जागीं चार्जिंगची तरतूद सुचविली. नव्या घरांस त्यानें मार्ग मिळेल. पण आपल्यापैकीं पुष्कळ जण राहतात तीं घरें जुनीं आहेत, आणि त्यांचा कायदा म्हणजे आपली सभा व आपले हात.

शंभर वर्षांपूर्वीं विजेच्या गाडीचें बरेंवाईट केवळ तिच्या कारखान्यांत ठरलें नाहीं. तें हार्टफर्डच्या वीजकंपनींत, न्यूयॉर्कच्या ठाण्यांत आणि वीज न पोंचलेल्या शेतवाड्यांत ठरलें. तेथील माणसांनीं इतिहास घडविण्याच्या हेतूनें कांहीं केलें नव्हतें; कोणी जबाबदारी घेतली, कोणी पुढें ढकलली, इतकेंच. त्या दिवशीं आम्हीं हात वर केला तेव्हां आम्हीही तेंच करीत होतों, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं, याचा आम्हांस खेद होतो. ज्या विषयाचें आम्ही अध्यापन करितों तो आपल्याच जिन्याखालीं घडत असतांना आम्हांस ओळखतां आला नाहीं.

त्या गृहस्थाकडे आम्ही परवां गेलों होतों. विषय निघाल्यावर तो हंसून म्हणाला, "सर, आतां पेट्रोलचीच गाडी आहे. पंप कोपऱ्यावरच आहे." त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मात्र येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर वाहनतळांत सर्वांसाठीं विजेची वाहिनी टाकण्याचा ठराव आमच्या नांवानें आला आहे, आणि एका परवानाधारक वीज-ठेकेदाराचें अंदाजपत्रकही त्यास जोडलें आहे. ठराव मंजूर होईलच असें नाहीं. पण या खेपेस आमचा हात दुसऱ्या बाजूस असेल.