मलबार टेकडीखालचा ‘मावळा’

१६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांची जहागीर झाले. त्यामुळे मुंबईच्या किनारी मार्गाचे बोगदे खोदणाऱ्या यंत्राचे ‘मावळा’ हे नाव आम्हां येथील मराठीजनांस घरचेच वाटले. १२.१९ मीटर व्यासाच्या या यंत्राने जानेवारी २०२१ मध्ये प्रियदर्शिनी उद्यानापाशी खोदाई आरंभिली. मलबार टेकडीखालून वर्षभराने ते गिरगावास निघाले, तेथेच तोंड फिरवून दुसरा बोगदा खोदीत मे २०२३ मध्ये परतले. १२ मार्च २०२४ रोजी पहिला बोगदा वाहतुकीस खुला झाला. दुचाकीस मात्र आत मज्जाव!

आमच्याकडेही हेब्बाळ ते सिल्क बोर्ड अशा बोगद्याची योजना मांडली गेली आहे. या नगरीत बहुसंख्य वाहने दुचाकीच. त्यांना तेथे वाट मिळणार काय, हे खोदाईपूर्वीच विचारले पाहिजे.