घरच्या छोट्या पूलसाठी पंप आणि फिल्टर कसा निवडायचा?

एप्रिल लागला की रील्समध्ये एक दृश्य हमखास दिसतं. अंगणात किंवा गच्चीवर निळा फ्रेम पूल आणि त्यात डुंबणारी मुलं. नागपूरसारख्या शहरात हा मोह होणं साहजिक आहे. इथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

पण रीलमध्ये न दिसणारी गोष्ट पुढे घडते. तीन-चार दिवसांत पाणी हिरवट होतं, तळ बुळबुळीत लागतो. मग पूल रिकामा करून पुन्हा भरला जातो. पंप आणि फिल्टर नीट निवडला तर ही नासाडी टळते. चुकीचा निवडला, तर मात्र प्रश्न फक्त पैशांचा उरत नाही.

आधी पूलमध्ये किती पाणी मावतं ते मोजा

गोल पूलसाठी सोपं सूत्र आहे: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५. सगळी मापं मीटरमध्ये घ्यायची आणि उत्तराला १,००० ने गुणायचं, की लिटर मिळतात.

१० फूट, म्हणजे ३.०५ मीटर व्यासाच्या पूलमध्ये ६० सेंटीमीटर पाणी भरलं, तर ते साधारण ४,४०० लिटर होतं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा निकष धरला जातो. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला हे पाणी आठ दिवस पुरेल. जुलै २०१९ मध्ये नागपुरात दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली होती. त्यामुळे दर चार दिवसांनी पूल रिकामा करणं परवडणारं नाही.

पंप किती क्षमतेचा हवा?

पूलमधलं सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जाणं म्हणजे एक फेरी. कडक उन्हाळ्यात आणि रोजच्या वापरात दिवसाला दोन फेऱ्या झालेल्या बऱ्या. ४,४०० लिटरची एक फेरी चार तासांत हवी असेल, तर पंपाने तासाला किमान १,१०० लिटर पाणी फिरवायला हवं. तो रोज आठ तास चालवावा लागेल.

इथे दोन गोष्टींत गफलत होते. पहिली गॅलनची. बरेच पंप अमेरिकन गॅलनमध्ये विकले जातात आणि एक अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. ३३० गॅलनचा पंप म्हणजे तासाला सुमारे १,२५० लिटर, तर ५३० गॅलनचा म्हणजे सुमारे २,००० लिटर.

दुसरी गोष्ट, खोक्यावरचा आकडा अनेकदा आदर्श स्थितीतला असतो. पाइप आणि मळलेला फिल्टर यांच्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह कमी होतो. म्हणून या पूलसाठी ३३० गॅलनचा पंप काठावर पास होतो आणि ५३० गॅलनचा निवांत चालतो.

गरजेपेक्षा फार मोठा पंपही उपयोगाचा नाही. पाणी फिल्टरमधून प्रमाणाबाहेर वेगाने गेलं तर गाळणी नीट होत नाही आणि ओढीचा जोर वाढतो. वीजबिलाची चिंता मात्र थोडी कमी करता येते. ५० वॉटचा पंप आठ तास चालला तर ०.४ युनिट, म्हणजे महिन्याला १२ युनिट वीज लागते.

कार्ट्रिज की सँड फिल्टर?

कार्ट्रिज फिल्टरमध्ये घड्या घातलेली गाळणी असते. ती काढून नळाखाली धुता येते. किंमत कमी, जागा कमी आणि धुवायला पाणीही कमी लागतं. मात्र नागपूरच्या धुळीत ती दर दोन-तीन दिवसांनी धुवावी लागते आणि खराब झाली की बदलावी लागते. खरेदीपूर्वी त्याच मापाची कार्ट्रिज सहज मिळते का, हे विचारून घ्यावं.

सँड फिल्टरमध्ये ठरावीक जाडीची सिलिका वाळू असते. बांधकामाची वाळू त्यात चालत नाही. देखभाल कमी असते, पण फिल्टर साफ करताना पाणी उलट्या दिशेने सोडावं लागतं. याला बॅकवॉश म्हणतात आणि दर वेळी बरंच पाणी वाया जातं.

चार-पाच हजार लिटरच्या पूलसाठी कार्ट्रिज पुरेसा ठरतो. पूल दहा-पंधरा हजार लिटरच्या पुढे गेला की सँड फिल्टरचा विचार करावा.

पूल बोअरच्या पाण्याने भरणार असाल तर आणखी एक गोष्ट. जड पाण्यामुळे पंपात आणि गाळणीवर पांढरा थर साचतो. पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकल्यावर ते तांबूस होतं. अशा वेळी गाळणी जास्त वेळा धुवावी लागते.

स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असतं का?

नाही. फिल्टर कचरा अडवतो, जंतू मारत नाही. ते काम क्लोरीनचं. पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ असावा. तपासणीचं साधं किट यासाठी पुरतं.

४,४०० लिटरमध्ये २ पीपीएमसाठी सुमारे ९ ग्रॅम क्लोरीन लागतं. ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरलं तर ते साधारण १४ ग्रॅम होतं. पाणी मळलेलं असेल तर जास्त लागू शकतं, म्हणून तपासूनच पूलमध्ये उतरावं. कडक उन्हात क्लोरीन झपाट्याने उडतं. त्यामुळे ते संध्याकाळी टाकून पंप चालू ठेवावा आणि सकाळी पुन्हा तपासावं. क्लोरीन कधीही ॲसिडमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

हे गंभीरपणे घ्यायला कारण आहे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये ‘मेंदू खाणारा अमिबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संसर्गाचे रुग्ण आढळले. हा अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शरीरात जातो. संसर्ग दुर्मीळ आहे, पण बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. पुरेसं क्लोरीन हा त्यावरचा साधा बचाव आहे. लहानग्यांच्या हवा भरायच्या छोट्या टबला तर पंपाची गरजच नाही. तो रोज रिकामा करून, घासून वाळवावा.

कूलरचा पंप वापरला तर?

विदर्भात घरोघरी असणारा हा पंप पूलमध्ये सोडण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती धोकादायक आहे. हा पंप २३० व्होल्टवर पाण्यात बुडून चालतो. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात. पूलमध्ये तर माणूस पूर्ण भिजलेला असतो. शिवाय फिल्टरमधून पाणी ढकलण्याइतका जोरही या पंपात नसतो.

पूलचा पंप पाण्यापासून किमान दोन मीटर दूर ठेवावा. अर्थिंग तपासून घ्यावं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. नुसत्या एमसीबीवर विसंबू नये, तो शॉकपासून वाचवत नाही. साधा एक्स्टेंशन बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवू नये. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला पंप ११० ते १२० व्होल्टचा असतो. तो इथल्या सॉकेटला थेट लावू नये.

मुलं पाण्यात असताना पंप बंद ठेवावा. ओढणाऱ्या तोंडाला केस किंवा कपडा अडकू शकतो. पंप रात्री किंवा पहाटे चालवणं सोयीचं.

गच्चीवर पूल ठेवता येईल का?

६० सेंटीमीटर खोल पाण्याचं वजन दर चौरस मीटरला ६०० किलो होतं. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा भार साधारण १५० किलो असतो. म्हणजे हा भार चौपट आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गच्चीवर पूल भरू नये. सपाट, टणक अंगण हीच सुरक्षित जागा.

खरेदीपूर्वी हे तपासा

• पूलचे लिटर भागिले चार, हा पंपाचा ताशी किमान प्रवाह.
• पंप २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे का?
• कार्ट्रिज वेगळी मिळते का?
• ओढणाऱ्या तोंडाला जाळी आहे का?
• किट, आरसीसीबी आणि झाकणाचा खर्च धरला आहे का?

पूल सुरू झाल्यावर पाण्याची पातळी रोज पाहावी. कोरड्या हवेत पाणी लवकर उडतं आणि पंप हवा ओढू लागला तर जळू शकतो. मुलं पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने मोबाईल बाजूला ठेवून तिथेच बसावं. आणि पाऊस सुरू झाला की पूल रिकामा करून, वाळवून ठेवावा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात.