नकाशा हातातून निसटतो तेव्हा

पाटोद्याच्या एका शाळेत आम्ही काही शिक्षकांबरोबर संगणकापुढे बसलो होतो. प्रश्न साधा होता : आपल्या शिवारात पडलेला पाऊस जातो कुठे? पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. मांजरा नदी इथेच उगम पावते आणि सुमारे 724 किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. पण याच तालुक्यात सौताड्याला जिचा धबधबा कोसळतो, त्या विंचरणेचे पाणी सीना, भीमा करत कृष्णेला जाते. या दोहोंमधली जलविभाजक रेषा आम्हाला नकाशावर शोधायची होती. प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा कोरडे पडलेले धरण मांजरेवरचेच होते.

एका गुरुजींनी माउसचे चाक फिरवले मात्र, पाटोदा नाहीसे होऊन निम्मा महाराष्ट्र समोर आला. उलट फिरवले, तर कुठले तरी एकच शेत! "आता आमचा हातच जड झालाय," ते ओशाळून म्हणाले. दोष त्यांच्या हाताचा नव्हता. तो कुठे होता, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गंमत अशी, की माउसचे मूळच नकाशाच्या टेबलावर सापडते. 1854 मध्ये याकोब आम्सलर या स्विस गणितज्ञाने एक सुटसुटीत क्षेत्रमापक, म्हणजे प्लॅनिमीटर, तयार केला. नकाशावरील एखाद्या प्रदेशाच्या सीमेवरून त्याचे टोक फिरवले, की आतले क्षेत्रफळ कळते. धरणाचे पाणलोट क्षेत्र मोजायला अभियंते हेच यंत्र वापरत. त्याचे मर्म एका लहान चाकात आहे. चाकाच्या दिशेने सरकवले तर ते फिरते. आडवे सरकवले तर नुसते घसरते. म्हणजे ते एकाच दिशेची हालचाल मोजते.

1963 च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांना हेच चाक आठवले. अशी दोन चाके एकमेकांशी काटकोनात बसवली, तर एक आडवे अंतर मोजेल आणि दुसरे उभे! बिल इंग्लिश या सहकाऱ्याने लाकडी खोक्यात ती बसवून पहिला माउस बनवला. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

बोटाखालचे चाक मात्र बरेच नंतरचे. 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसने ते घरोघरी नेले. त्याचे मुख्य काम लांबलचक मजकूर वरखाली सरकवण्याचे. नकाशाच्या प्रणालींनी तेच चाक प्रमाण बदलण्यासाठी घेतले, आणि प्रत्येकीने आपापला नियम ठरवला. गूगल अर्थमध्ये (2005) चाक पुढे ढकलले, की आपण जमिनीकडे झेपावतो. आर्कमॅप या जुन्या प्रणालीत मूळ नियम नेमका उलटा होता : चाक पुढे ढकलले, की नकाशा दूर जाई. आम्हाला वाटते, एकीत आपण विमानात बसलेले असतो, तर दुसरीत कागद पुढ्यात धरून तो जवळ-दूर करत असतो. दोन्ही कल्पना आपापल्या जागी बरोबरच. घोटाळा होतो तो एकीची सवय घेऊन दुसरीत गेल्यावर.

आता वेगाचे पाहू. छापील नकाशाचे प्रमाण ठरलेले असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या पत्रकावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. ते कोणाच्याही हातात तेवढेच राहते. पडद्यावरचे प्रमाण चाकाच्या दर खटक्याला बदलते. आम्ही क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली वापरत होतो. तिच्यात मुळात दर खटक्याला दुप्पट फरक पडतो. 1:50,000 पासून पाच खटके मागे गेलो, तर 2 × 2 × 2 × 2 × 2 म्हणजे 32 पट. प्रमाण होते 1:16,00,000. पडदा 30 सेंटिमीटर रुंद असेल, तर 15 किलोमीटरच्या जागी 480 किलोमीटर दिसू लागतात. पाटोदा 'नाहीसे' झाले ते असे.

उपाय सोपा आहे. 'सेटिंग्ज'मधील 'ऑप्शन्स' उघडून 'मॅप टूल्स'मध्ये जावे. तिथे 'झूम फॅक्टर' 200 टक्के असतो. तो 125 करावा. मग दुप्पट व्हायला एकाऐवजी साधारण तीन खटके लागतात (1.25 चा घन 1.95). चाकाची दिशा उलटवण्याची सोयही तिथेच आहे. सेटिंग न बदलता कंट्रोल कळ दाबून चाक फिरवले, तरी पावले लहान पडतात. गूगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत 'नॅव्हिगेशन' या पानावर चाकाचा वेग व दिशा बदलता येते.

आम्ही आकडा बदलला. गुरुजींनी पुन्हा माउस हातात घेतला आणि समोच्च रेषा पाहत, माथ्यामाथ्याने, सावकाश पुढे सरकले. एका शेताच्या बांधाशी ते थांबले.

"या बांधाच्या अलीकडचं पाणी लातूरकडे, पलीकडचं सोलापूरकडे," ते म्हणाले. "उद्या पोरांना इथंच उभं करतो."