पाण्यावर तरंगणारा धातु



धातु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लोखंड किंवा तांबें उभें राहतें: जड, घणाचे घाव सोसणारें, भट्टीच्या आंचेवांचून न वितळणारें. युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांची समजूतहि १८०७ पर्यंत फारशी निराळी नव्हती. जडपणा हें तर धातूचें मुख्य लक्षणच समजत.

त्या वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्रे डेव्ही यानें राखेपासून मिळणाऱ्या पोटॅश नांवाच्या क्षारांतून विद्युत्प्रवाह सोडला. पाऱ्यासारखे चकचकीत थेंब बाहेर आले. कांहीं तर लगेच पेटले. डेव्ही आनंदानें अक्षरशः नाचूं लागला, असें त्याचा मदतनीस व चुलतभाऊ एडमंड सांगे. थोड्याच दिवसांत सोडियमहि हातीं आलें.

पण हे धातु कसले? सुरीनें कापले जातात, पाण्यावर तरंगतात, आणि तरंगतां तरंगतां त्याच पाण्याशीं झगडतात! पोटॅशियम सुमारें ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. लोखंडास १५३८ अंश लागतात. १८०८ मध्यें एर्मान व सीमोन यांनीं यांस धातु न म्हणतां ‘धातुसदृश’ म्हणावें असें सुचविलें. डेव्हीनें मात्र चकाकी व विद्युद्वाहकता पाहून त्यांस धातूंतच बसविलें. माझ्या मतें त्याचीच दृष्टि खोल होती.

मौज अशी कीं, त्याच वर्षीं पॅरिसमध्यें गे-ल्युसॅक व थेनार यांनीं विजेवांचून पोटॅशियम काढलें, तें लोखंडाच्याच साहाय्यानें. बंदुकीच्या नळींत लोखंडाचा कीस अतिशय तापवून त्यावरून त्यांनीं वितळलेला पोटॅश सोडला. प्राणवायूची ओढ वस्तुतः पोटॅशियमला अधिक. परंतु तें ७६० अंशांच्या सुमारास उकळतें, म्हणून वाफ होऊन निसटतें आणि प्राणवायु लोखंडापाशीं राहतो.

या भेदाचें मर्म विसाव्या शतकांत उलगडलें. पोटॅशियम, सोडियम हे अल्क धातु. त्यांच्या परमाणूंत सर्वांत बाहेर एकच सैल इलेक्ट्रॉन असतो. बांधणारा दुवा एवढाच, म्हणून धातु मऊ; आणि तो इलेक्ट्रॉन देऊन टाकला कीं देण्यासारखें कांहीं उरत नाहीं. लोखंड, तांबें, मँगनीज या संक्रमण धातूंत आंतल्या कक्षेंतील इलेक्ट्रॉनहि व्यवहारांत उतरतात. त्यामुळें लोखंड कधीं दोन, कधीं तीन इलेक्ट्रॉन देतें. हिराकसाचा हिरवा व मोरचुदाचा निळा रंगहि त्यांच्यामुळेंच. पूर्वीं पटकीच्या सांथींत विहिरींत जें जांभळें औषध टाकीत, त्या पोटॅशियम परमँगनेटांत दोन्ही जातींचे धातु एकत्र नांदतात. पण तो गडद रंग मँगनीजकडील, पोटॅशियमचा नव्हे.