व्रत, व्याख्या आणि संध्याकाळचे जेवण

आजचा विषय आम्हाला घरातच सापडला. गेल्या वर्षी आमच्या नातीने दूध सोडले. दूध, दही, ताक, तूप, पनीर, सगळे एकदम. मांस-मासे, अंडी आमच्या घरात पूर्वीपासूनच नाहीत, त्यामुळे ती एका दिवसात पूर्ण व्हीगन झाली. आम्ही पडलो निवृत्त प्राध्यापक. आम्हाला चर्चेला विषयच मिळाला. आठवडाभर रोज संध्याकाळी आम्ही तिच्याशी वाद घातला. अहिंसेची व्याप्ती किती, हेतू मोठा की परिणाम मोठा, वगैरे. आठव्या दिवशी सूनबाई साडेसातला ऑफिसातून आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा, तुमचं तत्त्वज्ञान झालं असेल तर मला एवढंच सांगा, आज हिच्यासाठी वेगळं काय करू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. सगळी नोकरी नीतिशास्त्र शिकवण्यात गेली, पण मंगळवारी संध्याकाळी साडेसातला चुलीवर काय चढवायचे, हा प्रश्न आमच्या नीतिशास्त्रात कधी आलाच नव्हता. मग आम्ही शाकाहाराचा आधुनिक इतिहास पुन्हा वाचायला घेतला, यावेळी स्वयंपाकघराच्या दारातून. आणि एक गोष्ट लक्षात आली. या इतिहासात जो विचार टिकला, तो कोणीतरी त्याचे रोजचे जेवण करून दाखवले म्हणून टिकला.

भारतातली शाकाहाराची परंपरा जुनी आहे, ते आपण सगळे जाणतो. म्हणून आज मुद्दाम इंग्लंडला जाऊ. तिथे शाकाहार जन्माने मिळत नव्हता. तो एकेकाला स्वतः निवडावा लागला, आणि निवडल्यावर शिजवावा लागला.

मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये 1809 साली विल्यम काउहर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या छोट्या पंथातल्या लोकांना मांस सोडायला सांगितले. कापडगिरण्यांचा भाग, कामकऱ्यांची वस्ती. उपदेश सोपा होता, पण घरोघरच्या बायकांनी करायचे काय? 1812 मध्ये याच पंथातल्या मार्था ब्रदरटन यांनी मांसाशिवायच्या स्वयंपाकाचे पुस्तक काढले. इंग्रजीतले हे या प्रकारचे पहिले पुस्तक मानले जाते. त्यांचे पती जोसेफ ब्रदरटन पुढे सॅलफर्डचे खासदार झाले, आणि 1847 साली रॅम्सगेट इथे ज्या सभेत व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली, त्या सभेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. तोवर मांस न खाणाऱ्याला इंग्रजीत 'पायथागोरसच्या आहाराचा माणूस' म्हणत. 'व्हेजिटेरियन' हा शब्द रुळला तो या संस्थेमुळे. आता क्रम बघा. पतीची सभा 1847 ची, पत्नीचे पुस्तक 1812 चे. संस्थेच्या आधी पस्तीस वर्षे स्वयंपाक तयार होता.

आता 1888 सालात येऊ. 4 सप्टेंबरला मुंबईहून एक अठरा वर्षांचा मुलगा विलायतेला निघाला. मोहनदास गांधी. निघण्यापूर्वी आईसमोर त्याने व्रत घेतले होते: मद्य, स्त्री आणि मांस यांना स्पर्श करणार नाही. लंडनला पोचल्यावर पहिले काही महिने या मुलाचे हाल झाले. कारण तात्त्विक नव्हते. घरमालकिणीला याला काय करून घालावे हेच कळेना! सकाळी ओटची लापशी मिळे, तेवढ्याने पोट भरे. दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज वाटायची. आमच्या सूनबाईंचा प्रश्न आणि त्या घरमालकिणीचा प्रश्न एकच होता.

त्याच काळात एका मित्राने त्याला मांसाहाराकडे वळवण्यासाठी बेंथम वाचून दाखवला. उपयुक्ततावाद! आम्ही हा प्रसंग वर्गात नेहमी सांगत असू. गांधींचे उत्तर असे होते की हे गहन विषय मला कळत नाहीत, मांस खायला हवे हेही मान्य, पण व्रत मोडणार नाही. म्हणजे वादात तो हरला आणि जागेवरून हलला मात्र नाही. यात एक गंमत आहे. प्राण्यांना विचार करता येतो का, यापेक्षा त्यांना वेदना होतात का हे महत्त्वाचे, असे 1789 च्या ग्रंथात मांडणारा विचारवंत हाच बेंथम. पण त्याच तळटीपेत त्याने प्राणी खाण्याला हरकत घेतलेली नाही. तळटीप मोठी क्रांतिकारक होती, पण बेंथमच्या ताटात त्याने काही फरक पडला नाही.

मग तोच मित्र एकदा त्याला नाटकाआधी हॉलबर्नमधल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला. सूप आले. याने वाढप्याला खुणावले, की विचारायचे होते, सूप भाज्यांचे आहे ना? मित्र भडकला. नीट वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडे कुठेतरी जेव आणि माझी वाट बघ, म्हणाला. हा आनंदाने बाहेर पडला. जवळच शाकाहारी खानावळ होती, पण ती बंद. त्या रात्री नाटक बघितले ते उपाशीपोटी. व्रत शाबूत राहिले, पोट मात्र रिकामे. मित्रहो, हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. उपाशी राहून तत्त्व एक रात्र पाळता येते, फार तर महिना पाळता येते. आयुष्यभर पाळायचे तर खानावळ उघडी लागते.

अशी उघडी खानावळ त्याला याआधीच फॅरिंग्डन स्ट्रीटवर सापडली होती. रोज दहा-बारा मैल पायी हिंडून शोधली होती. दाराजवळच्या काचेमागे विक्रीची पुस्तके मांडली होती. त्यात हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे, 1886 साली निघालेले पुस्तक होते. एक शिलिंग देऊन त्याने ते घेतले आणि सरळ जेवायला बसला. इंग्लंडमधले पहिले पोटभर जेवण ते! पुस्तक वाचल्यावर तो विचाराने शाकाहारी झाला. तोवर वचनाने होता. मांस खाणे चांगले पण वचन आडवे येते, असेच त्याला वाटत होते. आता त्याने स्वतः निवड केली. ग्रंथ आणि जेवण एकाच दुकानात, एकाच वेळी मिळाले, हा योगायोग आम्हाला मोठा सूचक वाटतो.

पुढचा टप्पा तर आजच्या विषयाचा गाभाच आहे. खर्च कमी करायचा म्हणून त्याने दोन खोल्या सोडून एक घेतली, एक स्टोव्ह विकत आणला आणि सकाळचे खाणे स्वतः करू लागला. ओटची लापशी आणि कोकोसाठी पाणी. एकूण वीस मिनिटे. दुपारचे जेवण बाहेर. रात्री घरी पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. घरून मागवलेली मिठाई आणि मसाले बंद केले. पूर्वी बेचव वाटलेला उकडलेला पालक गोड लागू लागला. चवीचे ठाणे जिभेत नसून मनात आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की हा निष्कर्ष निघाला तो स्वतः स्टोव्ह पेटवायला लागल्यावर!

त्याच सुमारास व्याख्येचा प्रश्न आला. मांस म्हणजे काय? विलायतेत तीन व्याख्या भेटल्या. एकीत फक्त पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य, मासे चालतात. दुसरीत कोणत्याही जीवाचे मांस वर्ज्य, अंडी चालतात. तिसरीत अंडी आणि दूधही वर्ज्य. काही दिवस त्याने अंडी खाल्ली. मग विचार केला की व्रत देणाऱ्याने, म्हणजे आईने, जो अर्थ धरला होता तोच खरा. आईच्या अर्थाने अंडे वर्ज्यच होते. अंडी सुटली, आणि शाकाहारी खानावळीतले कितीतरी केक आणि पुडिंगेही सुटली, कारण त्यात अंडे असे. प्रत्येक पदार्थात काय घातलेय हे विचारत बसावे लागले. आज आमची नात बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचते, तेव्हा आम्हाला तो मुलगा आठवतो.

तिसरी व्याख्या मात्र पाठ सोडणार नव्हती. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधींनी मित्र कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी जे क्रूर उपाय करत, त्याबद्दल त्यांनी वाचले होते. भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबू, ऑलिव्हचे तेल, असा आहार सुरू झाला. व्हीगन हा शब्द जन्मायला अजून बत्तीस वर्षे होती.

आणि इथे गोष्ट आपल्या मुंबईत येते. 1918 साली गांधी फार आजारी पडले. पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी सांगितले, दूध घेतल्याशिवाय शरीर सावरणार नाही. गांधी म्हणाले, व्रत आहे. डॉक्टरांनी कारण विचारले. गाई-म्हशींवरच्या त्या क्रूरतेची गोष्ट निघाली. कस्तुरबा खाटेजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधींनी शेळीचे दूध घेतले. पुढे आत्मकथेत त्यांनी कबूल केले की व्रताची अक्षरे पाळली, आत्मा मोडला, आणि हे शल्य मनात राहिले. सत्याग्रहासाठी जगण्याची ओढ जिंकली.

आम्ही हा प्रसंग वर्षानुवर्षे 'शब्द आणि आशय' या मुद्द्यासाठी शिकवला. कस्तुरबांकडे आमचे कधी लक्षच गेले नाही. डॉक्टर आणि महात्मा व्रताचा अर्थ लावत होते, तेव्हा आजारी माणसाच्या पोटात आज काय जाईल याचा विचार करणारी तिथे एकच व्यक्ती होती. ती तत्त्वज्ञ नव्हती, असे म्हणायची आता आमची हिंमत नाही.

इंग्लंडमध्येही तिसरी व्याख्या अधूनमधून डोके वर काढत होती. 1910 मध्ये रूपर्ट व्हेल्डन यांनी प्राणिजन्य काहीही नसलेल्या आहारावर छोटे पुस्तक काढले. त्याची रचना ऐका: निबंध दोन आणि पाककृती शंभर! आमच्या विद्यापीठात प्रमाण बरोबर उलटे असते. मग आले 1944. महायुद्ध चालू, अन्नाचे रेशनिंग. शाकाहारी म्हणून नाव नोंदवले की मांसाच्या वाट्याऐवजी जादा चीज मिळे. पण दूधही सोडलेल्याने चीजचे काय करायचे? त्या नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकामाच्या शिक्षकाने मूठभर सोबत्यांसह नवी संस्था काढली. 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन 'व्हीगन' शब्द बनवला. शाकाहाराची सुरुवात आणि त्याचा शेवट, असा त्यातला भाव. दोनच वर्षांत, 1946 मध्ये, फे हेंडरसन यांचे व्हीगन पाककृतींचे पुस्तक आले. पुन्हा तेच. शब्दापाठोपाठ पातेले आले, म्हणून शब्द जगला. वॉटसन स्वतः 95 वर्षे जगले. जीवनसत्त्व बी-12 वेगळे काढले गेले ते मात्र 1948 मध्ये, म्हणजे या मंडळींनी अंधारातच पाऊल टाकले होते. आज ती सबब नाही. दूधही सोडणाऱ्याने बी-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, हे आम्ही नातीला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. आम्ही सांगितला कांट.

आता घरी परत येऊ. जन्माने शाकाहारी असलेल्या आपल्यासारख्यांना एक सवय असते. आपण ताटाकडे बघून माणसाची उंची मोजतो. घर भाड्याने देतानाही मोजतो. पण ज्या ताटासाठी आपण काही निवडले नाही, काही सोडले नाही आणि जे आपण स्वतः शिजवलेही नाही, त्याचे श्रेय आपले कसे? आणि परंपरा म्हणावी तर तीही बदलत आलेली. उपासाची साबुदाण्याची खिचडी बघा. साबुदाणा ज्या कसाव्याचा होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. चार परके पाहुणे आपण उपासाला चालवून घेतले. मग नातीच्या ताटातून तूप उठले तर धर्म बुडत नाही.

तेव्हा आम्ही वाद थांबवला आणि सूनबाईंच्या प्रश्नाला लागलो. यादी करायला बसलो तर लक्षात आले, अर्धे उत्तर घरातच होते. पिठलं-भाकरी. मटकीची उसळ. चिंच-गुळाची आमटी. तेलावरचं थालीपीठ आणि दाण्याची चटणी. सालीच्या मुगाची खिचडी, वर तुपाऐवजी लसणाची चरचरीत फोडणी. ताकाच्या जागी नारळाच्या दुधाची सोलकढी. वेगळे काही करायचेच नव्हते. सगळ्यांनी एकच जेवायचे, ज्याला तूप-दही हवे त्याने वरून घ्यायचे. अडले फक्त चहापाशी. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता मंगळवार आणि शुक्रवार आमच्याकडे आहे. पिठलं आम्ही करतो. कांदा चिरायचा, मोहरी-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, लसूण, पाण्यात कालवलेले बेसन, मग एक दणदणीत वाफ. पहिल्या दिवशी गाठी झाल्या. नातीने गाठी बाजूला सारत मुकाट्याने खाल्ले, हीही अहिंसाच. भाकरी अजून सूनबाईच थापतात, ते कबूल करतो. पण पिठलं वीस मिनिटांत होते. लंडनच्या त्या खोलीतल्या लापशीलाही तेवढाच वेळ लागत होता.

परवा शुक्रवारी सूनबाई आल्या, पर्स ठेवली आणि विचारले, "बाबा, आज काय आहे?" आम्हाला उत्तर देता आले.