आकाशाची वही : पाहिलं ते त्याच रात्री लिहा, छंद टिकतो

चंद्रपूर : २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या बऱ्याच भागांतून आकाशात जळत जाणारे तुकडे दिसले. कुणी उल्का म्हटलं, कुणी विमान पडलं म्हटलं. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात दोन-तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं, परिसरात धातूचे गोळेही मिळाले. हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं.

मोबाईलवर अनेकांनी व्हिडिओ काढले. पण व्हिडिओ पुढे पाठवताना वेळ, गाव, दिशा मागेच राहते. अशा वेळी कामाला येते ती वही. आकाश पाहण्याचा छंद बऱ्याच जणांना चार दिवस असतो, मग सुटतो. दुसऱ्याला वाचावीशी वाटेल अशी वही ठेवली, तर तो टिकतो.

नोंदीत काय असावं?

तारीख, घड्याळातली वेळ, गाव, दिशा, क्षितिजापासून उंची, किती सेकंद दिसलं, रंग, आवाज आणि ढग. उंचीसाठी हात लांब करून मूठ धरावी. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. आपल्याकडे ध्रुवतारा उत्तरेला सुमारे दोन मुठी वर दिसतो. त्यावरून आपली मूठ तपासून घेता येते.

काय दिसलं, ते कसं ओळखावं?

- विमान : लुकलुकणारे दिवे, बरेचदा आवाज.
- उपग्रह : न लुकलुकता सरकणारा ठिपका. बहुतेक वेळा सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी दिसतो. सुमारे ४०० किमी उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं.
- उल्का : बहुतेक एक-दोन सेकंदांत विझते.
- रॉकेटचा कचरा : उल्केपेक्षा संथ, बराच वेळ दिसतो, तुटत जातो.

ओळख पटली नाही तर तसंच लिहावं. अंदाज वेगळ्या ओळीत ठेवावा.

वही बंद पडू नये म्हणून

आठवड्याचा एक वार ठरवावा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतात; 'आज ढग होते' हीसुद्धा नोंदच. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का दिसतात, तेव्हा घरच्यांना सोबत घेऊन तासाला किती पडल्या ते मोजावं. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव मात्र आपल्याकडे बहुधा ढगांत जातो.

पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांकडून ताऱ्यांची नावं उतरवून घ्यावीत. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड गावांतलं ताऱ्यांचं ज्ञान नोंदवून २०१३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. सप्तर्षीतल्या चार ताऱ्यांत गोंड लोक खाट पाहतात, उरलेले तीन चोर. अशी नावं लिहिली नाहीत, तर सांगणाऱ्याबरोबरच जातात.

नोंदीच्या शेवटी एक प्रश्न सोडावा : 'हा लाल ठिपका पुढच्या आठवड्यात कुठे असेल?' मग वाचणारा स्वतः वर पाहतो. पोरांनाही त्यांच्या नावानं नोंद लिहू द्यावी.

एवढं सांभाळा

आकाश अंगणातून किंवा गच्चीवरून पाहावं. वाघ-बिबट्याच्या भागात अंधारात शेताकडे, जंगलाकडे एकट्यानं जाऊ नये. आकाशातून पडलेली वस्तू दिसली, तर हात लावू नये, घरी आणू नये. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. दुरूनच फोटो काढावा, वेळ लिहावी आणि पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवावं.