निळ्या नोंदींची वही

सोनगीरच्या आमच्या घरात साखरेचं पहिलं मोजमाप तांब्यानंच केलं. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, किल्ल्याच्या पायथ्याचं आमचं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. माझे वडील, आबा, हंडे आणि घंगाळी घडवायचे. १९७८ साली त्यांना मधुमेह निघाला आणि धुळ्याहून बेनेडिक्टच्या द्रावणाची बाटली घरी आली.

स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली ही कृती प्रसिद्ध केली. द्रावणाचा निळा रंग मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचाच. परीक्षानळीत ५ मिली द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर रंग निळाच राहायचा. असली तर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि फार असली तर विटेसारखा लाल व्हायचा. तो लाल साका तांब्याच्या ऑक्साइडचा. आबांना हे शिकवावं लागलं नाही. पत्र्याच्या रंगावरून भट्टीचा ताव ओळखणारी त्यांची नजर नळीवरही तशीच ठरायची. माय वहीत लिहायची: हिरवा, निळा, निळा.

निळा म्हणजे चांगला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणजे १२० असली तरी नळी निळी आणि ४५ असली तरी निळीच. शिवाय लघवी सांगणार ती काही तासांपूर्वीची गोष्ट. आबा इन्शुलिन घेत होते. सलग चार दिवस वहीत निळा रंग होता, माय समाधानात होती. पाचव्या पहाटे साखर फार उतरल्यानं आबा घामानं चिंब भिजलेले, बोलणं तुटक. मायनं साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा अर्ध्या तासानं त्यांनी आम्हाला ओळखलं. त्यानंतर आबा होते तोवर ती रोज रात्री दोनदा उठायची आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून घाम आलाय का पाहायची.

रक्ताच्या थेंबावर चालणारी डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी १९६०च्या दशकाच्या मध्यावर निघाली होती. आमच्या घरी तशी पट्टी पोहोचायला फार वर्षं लागली. ती पट्टी निघण्याआधीच, १९६२ साली, लेलंड क्लार्क यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर विद्युतअग्रावर बसवून साखर मोजण्याची वाट दाखवली होती. त्याच वाटेनं १९९९ साली अमेरिकेत सतत साखर मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. ते तीन दिवस नोंदी साठवायचं आणि त्या डॉक्टरांनाच नंतर पाहता यायच्या.

आज मधुमेह मलाही आहे आणि माझ्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर आहे. केसासारखी बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते. तो आकडा रक्तातल्या साखरेपेक्षा थोडा मागे असतो, पण साखर चढतेय की उतरतेय हे मोबाइलवरच्या बाणानं कळतं. चौदा दिवसांनी सेन्सर बदलायचा.

गेल्या महिन्यात पहाटे तीनला मोबाइल वाजला. आकडा ६६, बाण खाली. मी उठून साखरपाणी घेतलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा पाहिला आणि झोपलो. घरात कुणाला जागं राहावं लागलं नाही.

एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात. इन्शुलिन घेणाऱ्या कितीतरी घरांत आजही कुणीतरी रात्री उठून कपाळाला हात लावत असेल. त्या हातांना झोप मिळावी, यासाठी हे यंत्र स्वस्त व्हायलाच हवं. मायची वही मी जपून ठेवली आहे. पाचव्या दिवसाची जागा तिनं कोरी सोडली होती.